टॉम, हक आणि सहा टक्के व्याज

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत म्हणजे काउंटर नंबर तीन, मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी. समीक्षक मंडळी 'आदिबंध', 'अस्तित्वभान' वगैरे शब्द स्वतःच्या सहीइतक्या सहजपणे लिहितात. मला ते अजून समोर ठेवून उतरवावे लागतात. तरीसुद्धा मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर' आणि 'हकलबरी फिन' या दोन कादंबऱ्यांवर मी चार शब्द लिहायला बसलो आहे. विद्वानांनी या पुस्तकांची भाषा तपासली, प्रतीकं तपासली, नदीचा अर्थ काढला. मी हिशेब तपासला. बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरं तपासता तरी काय येणार?

आता ज्यांनी ही पुस्तकं लहानपणी वाचली ते, आणि ज्यांनी वाचली नाहीत पण वाचली असं सांगतात ते, अशा दोन्ही सज्जनांसाठी थोडी उजळणी करतो. मिसिसिपी नदीकाठचं एक गाव. त्यात टॉम सॉयर नावाचा पोरगा. आईबाप नाहीत, पण पॉलीमावशी आहे. म्हणजे वेळेवर जेवण, वेळेवर मार आणि रविवारी देवळात जायला इस्त्रीचे कपडे. त्याच गावात हकलबरी फिन. आई नाही, बाप आहे, पण तो असण्यापेक्षा नसलेला बरा. अट्टल दारुडा. हक रिकाम्या पिंपात झोपतो, शाळा नाही, आंघोळ नाही, बूट नाहीत. गावातल्या झाडून सगळ्या आयांनी आपापल्या मुलांना सांगून ठेवलेलं, त्या हकबरोबर दिसलास तर याद राख. आणि झाडून सगळ्या मुलांना आपण हक व्हावं असं वाटतं. पहिलं पुस्तक १८७६ सालचं. दुसरं १८८४ च्या डिसेंबरात इंग्लंडात आणि १८८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत निघालं. गोष्टीचा काळ मात्र त्याआधी तीस-चाळीस वर्षांचा. तेव्हा त्या भागात माणूस विकत घेणं कायदेशीर होतं आणि त्याला पळून जायला मदत करणं हा गुन्हा होता.

हा ट्वेन आमच्या कुसगावला अगदीच परका नव्हे, हे मी अभिमानाने नमूद करतो. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत होता आणि पुण्यालाही त्याचं व्याख्यान झालं. मुंबईहून पुण्याला आगगाडीने जायचं तर बोरघाट चढून लोणावळ्यावरूनच जावं लागे. म्हणजे हा थोर लेखक आमच्या शिवेच्या बाजूने गेला, फक्त गाडी आमच्या गावाला थांबत नव्हती. आणि तो कशासाठी हिंडत होता? कर्ज फेडण्यासाठी. १८९४ साली त्याची प्रकाशन कंपनी बुडाली होती. कायद्याने सगळी रक्कम द्यायला तो बांधील नव्हता, तरी साठीच्या घरातला हा माणूस व्याख्यानं देत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि १८९८ पर्यंत त्याने पै न पै चुकती केली. अशा खातेदाराची पुस्तकं बँकवाल्याने वाचायची नाहीत, तर कोणी वाचायची?

आता मूळ मुद्दा. टॉम मोठा की हक? आमच्या घरात या प्रश्नावर मतदान घेतलं तर टॉम बिनविरोध निवडून येतो. माझा आठवीतला पुतण्या म्हणतो, "काका, आयडिया सगळ्या टॉमच्या. हक नुसता मागे मागे जातो." आमच्या हिचं मत असं, की दोघंही वाया गेलेले आहेत, पण त्यातल्या त्यात टॉमला घर आहे. माझं मत वेगळं पडतं. पण घरात माझं मत वेगळं पडणं ही बातमी नव्हे.

टॉमच्या बाजूने बोलायचं तर त्याचं कर्तृत्व कुंपणापासून सुरू होतं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मावशी त्याला कुंपणाला चुना लावायला बसवते. बेटा असा काही रंगात येऊन चुना लावतो, की पोरांना ते काम म्हणजे मेजवानी वाटायला लागते. मग एकेक जण लाच देऊन ब्रश हातात घेतो. कुणी सफरचंद देतो, कुणी पतंग, एकाने तर मेलेला उंदीर दिला, गरगर फिरवायला दोरीसकट. संध्याकाळपर्यंत कुंपणावर चुन्याचे तीन हात आणि टॉमजवळ इस्टेट. चुना कुंपणाला लागला की पोरांना, हा ज्याचा त्याने विचार करावा. मी एवढंच म्हणेन, की हा मुलगा आमच्याकडे ठेवी गोळा करायच्या मोहिमेवर असता तर तीन वर्षांत रीजनल मॅनेजर झाला असता.

पुढचा व्यवहार तर अस्सल बँकेचा. रविवारच्या शाळेत बायबलची दोन वचनं पाठ केली की एक निळं तिकीट मिळे. दहा निळ्यांचं एक लाल, दहा लालांचं एक पिवळं, आणि दहा पिवळी जमा केली की समारंभपूर्वक एक बायबल. म्हणजे वचनं झाली दोन हजार. टॉमने दोनसुद्धा धड पाठ केलेली नव्हती. त्याने कुंपणावरची कमाई खर्चून पोरांकडची तिकिटं विकत घेतली आणि पाहुण्यांसमोर बायबल पटकावलं. पाहुण्यांनी कौतुकाने येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावं विचारली, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर शाळेच्या मास्तरांना जन्मभर पुरलं असेल. पण आमचा १८८१ सालचा परक्राम्य लेखांचा कायदा वाचा! मोबदला देऊन, सरळ मार्गाने ज्याच्या हाती कागद आला तो खरा धारक. टॉमने रोख मोबदला दिला होता. कायद्याने बायबल त्याचंच.

हे सगळं मला आवडतं. टॉम मला आवडतो. टॉम न आवडणारा माणूस मुदत ठेवीवरसुद्धा हसत नसेल. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती दोन मरणांची तुलना केल्यावर कळते.

पहिल्या पुस्तकात टॉम, हक आणि ज्यो हार्पर चाचे होण्यासाठी बेटावर पळून जातात. गावाला वाटतं, पोरं बुडाली. टॉम एका रात्री गुपचूप घरी येऊन मावशीचं रडणं ऐकतो, आणि 'मी जिवंत आहे' न सांगता परत जातो. कारण स्वतःच्या अंत्यविधीला हजर राहायची नामी कल्पना त्याला सुचलेली असते. तिघं पोरं देवळाच्या माळ्यावर बसून आपल्यावरची भाषणं ऐकतात आणि मग खाली येतात. मावशी टॉमला कवटाळते, ज्योला त्याचे आईबाप. हक तिथे नुसता उभा. कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळत नाही. इथे टॉमच्या खात्यावर एक मोठी रक्कम जमा केली पाहिजे: हकलाही बघून कुणाला तरी आनंद व्हायला हवा, हे मावशीला बजावतो तो टॉमच.

दुसऱ्या पुस्तकात हकही मरतो. बाप त्याला रानातल्या खोपटात कोंडून ठेवतो, मारतो, एका रात्री दारूच्या अंमलात सुरी घेऊन अंगावर धावतो. मग हक एक रानडुक्कर मारतो, त्याचं रक्त खोपटात सांडतो, कुऱ्हाडीला आपले केस चिकटवतो आणि 'खून झाला' असा देखावा करून नदीने निसटतो. हे करताना त्याला काय वाटावं? टॉम इथे असता तर त्याने याला आणखी झकास कलाकुसर केली असती! टॉम मेला तो लोक कसे रडतात ते बघायला. हक मेला तो जगायला. एकच व्हाउचर, पण एक करमणूक खर्चाचं आणि दुसरं जीवनावश्यक वस्तूंचं.

शौर्याचंही तसंच. टॉम भर कोर्टात साक्ष देऊन निरपराध मफ पॉटरला फाशीपासून वाचवतो. खुनी समोर बसलेला असताना! याला छाती लागते, आणि ती टॉमला आहे. दुसऱ्या दिवशी तो गावाचा हीरो होतो. हक रात्री डोंगर उतरत धावत जातो आणि शेजाऱ्यांना जागं करून विधवा डग्लसबाईंना त्याच खुन्यापासून वाचवतो. आणि दारात उभा राहून पहिली विनवणी काय करतो, तर माझं नाव कुणाला सांगू नका. टॉमचं शौर्य पावतीसह, हकचं बिनपावतीचं. ऑडिटरला बिनपावतीचा व्यवहार खपत नाही. मला खपतो.

मग गुहा. टॉम आणि बेकी जमिनीखालच्या गुहेत हरवतात, ते प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्याजवळची भाज्याची लेणी डोळ्यांपुढे आणायचा फार प्रयत्न केला होता. जमलं नाही. भाज्याच्या लेण्यात हरवणं अशक्य आहे. समोर सगळं उघडं, आणि आता तर आत शिरायलाच तिकीट काढावं लागतं. असो. त्या गुहेत पुढे टॉम-हकला खजिना सापडतो, बारा हजार डॉलर आणि वर थोडे. प्रत्येकी सहा हजार. ते सहा टक्क्यांनी व्याजी लावतात, आणि इथे माझ्या चष्म्याची काच चमकते.

सहा हजारांचं सहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज तीनशे साठ. पहिल्या पुस्तकात ट्वेन लिहितो, की प्रत्येकाला आठवड्याच्या कामाच्या दिवशी रोज एक डॉलर आणि निम्म्या रविवारी एक डॉलर मिळू लागला. कामाचे दिवस तीनशे तेरा, निम्मे रविवार सव्वीस, एकूण तीनशे एकोणचाळीस. एकवीस डॉलर कुठे गेले? दुसऱ्या पुस्तकात हक सांगतो, वर्षभर रोज एक डॉलर. तीनशे पासष्ट. पाच डॉलर जास्त कुठून आले? शिवाय हकचे पैसे पहिल्या पुस्तकात डग्लसबाई व्याजी लावतात, तर दुसऱ्यात जज्ज थॅचर. ज्याची कंपनी पुढे बुडाली त्याचीच ही हिशेबवही, एवढीच नोंद करून पुढे जातो.

पैसा आल्यावर दोघांची खरी जात कळते. टॉमच्या आयुष्यात काडीचा फरक पडत नाही, कारण घर होतंच, आता घरात पैसा आला. हकला मात्र डग्लसबाई दत्तक घेतात. आंघोळ, चमचे, बूट, प्रार्थना. तीन आठवड्यांत हक पळतो आणि खाटीकखान्यामागच्या जुन्या पिंपात जाऊन झोपतो. टॉम त्याला शोधून काढतो. हक म्हणतो, माझा वाटाही तूच घे, मला अधूनमधून दहा सेंट दिलेस तरी पुष्कळ. यावर टॉम त्याला सांगतो, मी दरोडेखोरांची टोळी काढतोय, पण तुला त्यात यायचं असेल तर आधी सभ्य गृहस्थासारखं राहावं लागेल. तू असा राहिलास तर लोक टोळीला नावं ठेवतील.

वाचकहो, हे वाक्य मी तीनदा वाचलं. दरोडेखोरांच्या टोळीत शिरायला चारित्र्याचा दाखला! टॉमचं बंड म्हणजे घरून परवानगी घेऊन केलेलं बंड आहे. त्याला व्यवस्था मोडायची नाही, त्याला ती जरा सजवून हवी आहे. आणि मैत्रीच्या जोरावर तो हकला पुन्हा त्याच दारात नेऊन सोडतो.

पैशाच्या वासाने दुसऱ्या पुस्तकात हकचा बाप हजर होतो. हकला त्याच्या बुटाचा ठसा बर्फात दिसतो. तो तडक जज्जसाहेबांकडे जातो आणि म्हणतो, माझे सहा हजार आणि व्याज तुम्हीच घ्या, प्रश्न विचारू नका. जज्ज शहाणे. ते कागद करतात आणि 'मोबदला' म्हणून त्याच्या हातावर एक डॉलर ठेवतात. आमच्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणेही, काही अपवाद सोडले तर, मोबदल्यावाचून करार नाही. अज्ञानाचा करार तर मुळातच नाही. कायद्याच्या पेपराला हे उदाहरण मिळालं असतं तर आम्ही सगळे पहिल्या वर्गात आलो असतो.

हा भाग मी जरा रेंगाळत वाचतो, कारण तो मी काउंटरवर पाहिला आहे. आमचा मावळ गेल्या तीस वर्षांत फार बदलला. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, 'मिसिंग लिंक'चं एक टोकही कुसगावातच, आणि मधल्या सगळ्या माळांवर बंगले. जमीन गेली, पैसा आला. पैसा आला की हकचा बाप येतोच. कधी चुलता होऊन येतो, कधी मेव्हणा, कधी सात जन्मांत न पाहिलेला मावसभाऊ. आमच्या वर्गात डोंगरालगतच्या वस्तीवरचा एक मुलगा होता. (नाव सांगत नाही. बँकेच्या गोपनीयतेचा नियम आहे.) पावसाळ्यात ओढ्याच्या कोणत्या दगडाखाली खेकडा आहे, हे तो दगड न उचलता सांगे. विसापूरच्या रानात करवंदं कुठे आधी पिकतात ते त्याला ठाऊक. अनवाणी येई, मागच्या बाकावर बसे आणि सातवीनंतर आलाच नाही. आमच्या घरी तो मागच्या दाराने येत असे. पुढच्या दाराने ये, असं त्याला घरातल्या कोणी म्हटल्याचं स्मरत नाही. आम्हा सगळ्या पोरांना तो व्हावंसं वाटायचं, आणि त्याच्यासारखा होऊ नकोस असं सगळ्या आया सांगायच्या.

जमिनीचे पैसे आल्यावर तो एक दिवस माझ्या काउंटरवर आला. माणसं होती तोवर मला 'सायेब' म्हणाला. माणसं पांगल्यावर खिडकीत तोंड घालून विचारलं, "ए, ती फिक्स का काय म्हंत्यात, तिच्यातलं पैसं कुनालाच काडता येत न्हाईत ना?"

म्हटलं, "तुझे तुला येतील. मुदतीआधी काढलेस तर व्याज कापतील, एवढंच."

तो विचारात पडला. "मलाबी येता कामा नयेत असं काय न्हाई का तुज्याकडं?"

कायमची अशी योजना कोणत्याही बँकेत नाही. जज्ज थॅचरकडे होती. एक डॉलरात.

आता तराफा. हक आणि मिस वॉटसनबाईंचा पळालेला गुलाम जिम, दोघं मिसिसिपीवरून खाली निघतात. निघण्याआधी बेटावर असतानाच जिम आपली सट्टेबाजी सांगतो. चौदा डॉलर होते. दहाची गाय घेतली, ती मेली. कातडं आणि चरबी एक डॉलर दहा सेंटला विकली. उरलेल्यातले पाच एका गुलामाने काढलेल्या बँकेत टाकले, वर्षाला पस्तीस मिळणार म्हणून. बँक बुडाली. हा व्याजाचा दर ऐकून आमच्याकडची भिशीवाली मंडळीही कानाला हात लावतील. नंतर पैसे भरतील, ती गोष्ट वेगळी. सहा हजारांचा धनी हक त्या फाटक्या जिमची समजूत काढतो, की होशील तू पुन्हा कधीतरी श्रीमंत. जिम म्हणतो, आताही आहे. मी स्वतःच स्वतःचा मालक, आणि माझी किंमत आठशे डॉलर आहे. आठशे हा आकडा लक्षात ठेवा.

तराफ्यावर हक एकदा जिमची थट्टा करतो. धुक्यात दोघांची चुकामूक होते, हक परत येतो आणि तुला स्वप्न पडलं असेल म्हणून त्याला बनवतो. जिम दुखावतो. गुलामापुढे जाऊन माफी मागायला मनाची तयारी करण्यात हकची पंधरा मिनिटं जातात. पण तो मागतो. पुढे जिम पकडला जातो तेव्हा हकपुढे खरा हिशेब येतो. शाळेने, देवळाने, डग्लसबाईंनी शिकवलंय, की दुसऱ्याचा गुलाम पळवणं म्हणजे चोरी आणि चोराची जागा नरकात. हक भल्या बुद्धीने मिस वॉटसनना चिठ्ठी लिहितो, जिम इथे आहे. लिहून त्याला हलकं वाटतं. मग त्याला आठवतं, आपली झोपमोड होऊ नये म्हणून जिम स्वतःची पाळी संपल्यावरही रात्री पहाऱ्याला बसत असे. तो चिठ्ठी फाडतो. नरक खरा आहे आणि आपण तिथे जाणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही, तरी फाडतो. टॉमच्या साऱ्या साहसांत मिळून एवढी किंमत कुठेही मोजलेली नाही.

आणि अशा वेळी टॉमसाहेब दाखल होतात. जिम एका शेतावरच्या कोठडीत आहे. हकची योजना साधी: किल्ली पळवायची, जिमला सोडवायचं, तराफा गाठायचा. टॉम नाक मुरडतो, यात कलाच नाही. मग दोरीची शिडी पावात भाजून पाठवा, कैद्याने रक्ताने रोजनिशी लिहावी, कोठडीत साप आणि उंदीर पाळावेत, कारण पुस्तकांत तसं असतं. भिंतीखालून भुयार खणायचं तेही चाकूने. हात फोडांनी भरतात, तेव्हा ठरतं, खणायचं कुदळीने पण म्हणायचं चाकू. टॉम 'चाकू दे' म्हणतो, हक चाकू देतो, टॉम तो फेकून देतो आणि पुन्हा म्हणतो, 'चाकू दे.' हक क्षणभर विचार करतो आणि कुदळ देतो. कामाला कुदळ आणि रेकॉर्डला चाकू! हे मिसिसिपीच्या काठी सुचलं यावर माझा विश्वास नाही. मार्क ट्वेनने आमचं एखादं ऑफिस आतून पाहिलेलं असणार.

हे सगळं तीन आठवडे चालतं. शेवटी गोळीबार होतो, टॉमच्या पोटरीत गोळी लागते, आणि हाताशी आलेली सुटका सोडून जिम त्याच्या उशाशी थांबतो. मग कळतं, मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारल्या आणि मृत्युपत्रात जिमला मुक्त करून गेल्या. टॉमला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मोकळ्या माणसाला त्याने तीन आठवडे साखळदंडात ठेवलं, खेळ रंगावा म्हणून. हकला सुरुवातीपासून कोडं पडलेलं, की इतक्या चांगल्या घरचा मुलगा गुलाम पळवायला तयार होतोच कसा? आता उलगडा झाला. तयार झालाच नव्हता.

झाल्या त्रासाबद्दल टॉम जिमला चाळीस डॉलर देतो. जिम खूश. मी वही उघडली. कारण चाळीस हा आकडा यापूर्वी दोनदा आलेला आहे. तराफ्यावर देवीची साथ आहे असं समजून पळालेले गुलाम शोधणारे दोघे जण, लाज वाटून, हकसाठी फळकुटावर चाळीस डॉलर ठेवतात. पुढे एक भामटा जिमला चाळीस डॉलरांना विकतो. आणि तिसरे हे टॉमचे. लाजेचे चाळीस, विक्रीचे चाळीस, करमणुकीचे चाळीस. आठशेचे बरोब्बर पाच टक्के. ही भरपाई नव्हे, हे कमिशन झालं. हकने जिमला एक पैसाही दिलेला नाही. त्याने पंधरा मिनिटं दिली होती.

हेमिंग्वेने १९३५ साली लिहून ठेवलं, की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघालं, पण जिम चोरीला जातो तिथेच वाचणं थांबवावं, पुढची सगळी फसवणूक आहे. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायची माझी श्रेणी नाही. पण बेरीज मारल्याशिवाय वही मिटायची आम्हाला सवय नाही. ते शेवटचे तीन आठवडे काढून टाका, मग टॉम आपला तोच गोड चुन्याचा ब्रशवाला राहील. शेवट कंटाळवाणा आहे, मान्य. खेळाचा बळी ठरलेल्या माणसाला तो तेवढाच लांब वाटत असणार.

मराठीत आम्हाला टॉम-हक नाहीत असं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा बनेश. पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकलवर उडणारा, जोडीला सुभाष देसाई. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला तेव्हा आम्ही पोरं आठवडाभर जीभ टाळूला लावून 'ट्टॉक' करत होतो. फेणे टॉमपेक्षा सरळ, कारण तो दुसऱ्याचं संकट खेळायला घेत नाही, निस्तरायला घेतो. पण बनेश आणि सुभाष दोघंही एकाच बाकावरचे. आमच्या टॉमला भागवतांनी भला मित्र दिला, पिंपात झोपणारा नाही दिला. तसा मित्र मराठी वाचकाला भेटला तो बंगालीतून. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरदबाबूंच्या 'श्रीकांत'मधला इंद्रनाथ. रात्री गंगेत होडी घालणारा, बेवारशी पोराचं प्रेत जात न विचारता उचलणारा. तो एक दिवस निघून जातो तो जातोच, आणि त्याची गोष्ट मागे राहिलेला भद्र श्रीकांत सांगतो.

इथे ट्वेनने जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. 'टॉम सॉयर' लेखक सांगतो, शिकल्यासवरल्या भाषेत. 'हकलबरी फिन' हक स्वतः सांगतो, त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत. लेखणी टॉमच्या घरातून काढून पिंपात नेऊन दिली. आमच्या कुसगावात ते अजून व्हायचं आहे. खेकड्याचा दगड ओळखणारा तो लिहीत नाही. त्याच्याबद्दल लिहितोय ते मी, पुढच्या दाराच्या घरातला.

शेवटी हकला कळतं की बाप मेला आहे आणि सहा हजार जज्जसाहेबांकडे शाबूत आहेत. तो आनंदाने नाचत नाही. टॉमची दुसरी मावशी आता त्याला दत्तक घेऊन सुधारणार, या भीतीने तो पश्चिमेच्या रानात निघायच्या तयारीत असतो. त्या खात्याचं पुढे काय झालं ते ट्वेन सांगत नाही. आमच्याकडे असतं तर दोन वर्षांनी निष्क्रिय झालं असतं, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली असती. त्याआधी मी एकदा वारसाचा फॉर्म काढून पाहिला असता. टॉमच्या फॉर्मवर पॉलीमावशीचं नाव, नातं मावशी, काम संपलं. हकने माझ्या मते जिमचं नाव सांगितलं असतं. मग मी पेन सरसावून विचारलं असतं, "नातं?" आणि मागे पासबुक भरायला उभी असलेली रांग ओरडायला लागली असती.